चौतीसवरचा पूल

“चौतीस,” मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या.

पुलाचा कठडा डाव्या हाताला सुरू झाला होता. चष्मेवाल्यांनी गाडीचा वेग जरा कमी केला, मीटरकडे पाहिलं आणि हेल्मेटच्या आतल्या आत हसले.

“बत्तीस.”

“नीट बघा हो.”

“बघतोय की. बत्तीस आहेत. डिरेक्टरी जुनी झाली म्हणायची तुझी.”

बाईंनी त्यांच्या पाठीत हलकासा गुद्दा घातला. पूल चांगला लांब होता. तो संपेपर्यंत त्या कठड्याकडेच बघत राहिल्या.

हा खेळ एकोणीस वर्षांचा होता. घराच्या फाटकातून निघताना चष्मेवाले मीटरशेजारचं बटण फिरवून किलोमीटर शून्यावर आणायचे. मग वाटेत पूल, पाण्याची टाकी, पेट्रोलपंप असं काही आलं की बाईंनी आधी आकडा सांगायचा आणि त्यांनी मीटर बघून पडताळायचा. पूल चौतीसवर, टाकी सत्तावन्नवर, पंप पंच्याऐंशीवर आणि ताईच्या घराचं फाटक एकशे एकोणीसवर. एकोणीस वर्षांत बाई एकदाही हरल्या नव्हत्या. हे सगळं कुठं लिहून ठेव, असं त्यांना कुणी सुचवलं असतं तर त्यांना तो अपमान वाटला असता.

अपमान वाटायचं कारणही तसंच होतं. बाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर एकतीस वर्षं बसल्या. दोनशे साठ खोल्यांचे नंबर, झाडून सगळ्या डॉक्टरांच्या घरचे नंबर, रक्तपेढी, अग्निशमन दल, बर्फाचा कारखाना, सगळं तोंडपाठ. छापील डिरेक्टरी खुर्चीवर उशीसारखी ठेवून त्या तिच्यावर बसायच्या, म्हणून आख्खं हॉस्पिटल त्यांनाच डिरेक्टरी म्हणायचं. एकदा मध्यरात्री कुठल्याशा सर्जनला त्यांनी त्याच्या सासुरवाडीत शोधून काढलं होतं. तो नंबरही त्यांना पाठ होता, कारण सर्जनसाहेबांनी दोन वर्षांपूर्वी तिथून एकदा फोन केला होता.

चष्मेवाल्यांचं याच्या अगदी उलट. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान. त्यांना लोकांच्या डोळ्यांचे नंबर तेवढे लक्षात राहायचे, बाकी स्वतःच्या घरचा फोन नंबरही बायकोला विचारायचे. शेजारपाजारचे लोक त्यांच्या लेखी वजा साडेतीन, अधिक दोन असेच होते. “अगं, वजा साडेतीनच्या मुलीचं लग्न ठरलं,” असं ते सांगायचे आणि कोण ते बाईंनी ओळखायचं. संसार असा वाटून घेतला होता. बघायचं त्यांनी, लक्षात ठेवायचं बाईंनी.

गाडीसुद्धा दोघांची. लांब पल्ल्याच्या प्रवासाची, भल्यामोठ्या टाकीची, दोन्ही बाजूंना कायमच्या पेट्या लावलेली जुनी मोटारसायकल. वय बावीस. इंजिन अजून ठणठणीत, पण साठच्या वेगाला असं काही थरथरायचं की मागे बसलेल्या बाईंची पावलं तासाभरात बधिर व्हायची. पन्नाशीत ते चालून गेलं. साठीत चालेना. मागच्या महिन्यात ताईच्या फाटकाशी उतरताना पाय जमिनीला लागलाय हेच त्यांना कळलं नाही आणि त्या सरळ कुंपणावर कलंडल्या. तेव्हा त्या म्हणाल्या की आपलं बसणं आता बंद, तुम्ही गाडी विका. चष्मेवाल्यांनी गाडी विकली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले.

मेकॅनिकनं सोपा उपाय काढला. चेन पुढच्या बाजूला ज्या दातेरी चक्रावरून फिरते, त्या स्प्रॉकेटला सोळा दात होते. तिथं सतरा दातांचं बसवायचं. एका दातानं काय होणार, असं चष्मेवाल्यांनी विचारलं. मेकॅनिक म्हणाला की त्याच वेगाला इंजिन आता कमी फिरेल, आणि कमी फिरेल तर कमी थरथरेल. चढावर गाडी थोडी आळशी वाटेल, पण काकूंचे पाय शाबूत राहतील. त्यानं नवीन चेनही घातली, इंजिनखालची आणि पायदानांची झिजलेली रबरं बदलली, मीटर, केबल, ब्रेक सगळं तपासलं आणि दोन फेऱ्या झाल्या की चेन ताणून घ्यायला या, असं बजावलं.

आणि खरोखर, आजचा प्रवास म्हणजे सुख होतं. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. बाईंना बुटातलं प्रत्येक बोट जाणवत होतं. आजचा दिवस आनंदात जायचा, तर मध्येच हा पूल आला.

टाकीपाशी त्यांनी मुद्दाम जरा थांबून आकडा सांगितला. सत्तावन्न. चष्मेवाले म्हणाले, “त्रेपन्न आणि वर थोडं.” पंपावर त्या पंच्याऐंशी म्हणाल्या, तिथं ऐंशी निघाले. बाईंनी विचारलं, मीटर बिघडला असेल का. चष्मेवाले म्हणाले, मीटरला काय धाड भरलीय, परवाच तर तपासून आलाय. रस्ता रुंद केला तेव्हा कडेचे किलोमीटरचे दगड उपटून टाकले होते, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला. त्यानंतर बाईंनी आकडा सांगितला नाही आणि चष्मेवाल्यांनीही विचारला नाही. ताईच्या फाटकाशी ते घड्याळ बघून म्हणाले, “आज सात-आठ मिनिटं लवकरच आलो की आपण.” बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

ताई म्हणजे बाईंची मोठी बहीण. ती लेकीकडे राहायची. चाळीस वर्षं तिनं कपडे शिवले आणि मुलींना शिवण शिकवलं. गिऱ्हाइकाकडे एकदा नुसतं बघितलं की खांदा किती, बाही किती हे तिला कळायचं, टेप केवळ खात्री करायला. मग एके दिवशी तिनं कुणाच्या तरी कोटाची बाही दोन इंच आखूड कापली. तेव्हा सगळे हसले होते. ताईसुद्धा हसली होती. पुढच्या महिन्यात आणखी एक बाही, मग एक गळा. आधी आकडे गेले, मग नावं, मग माणसं. आता ताई खिडकीपाशी खुर्चीत बसायची आणि आपल्या धाकट्या बहिणीला “बसा ना” म्हणायची.

त्या दिवशी बाई तिच्याजवळ बसल्या, पण ताईच्या तोंडाकडे त्यांना बघवेना. आधी सगळे हसले होते, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

पुढचे दोन आठवडे बाईंनी स्वतःची परीक्षा घेण्यात काढले. भांडी घासताना त्या हॉस्पिटलच्या खोल्यांचे नंबर म्हणायच्या. एक्स-रे, दोनशे चौदा. प्रसूती, एकशे नऊ. भराभर यायचे, अडत नव्हते. पण बरोबर आहेत हे सांगणार कोण? बोर्ड कधीच मोडीत निघाला होता, नंबर बदलले होते आणि छापील डिरेक्टरी त्यांनी स्वतःच रद्दीत घातली होती. मोबाइल अजून लोकांच्या खिशात आले नव्हते, नकाशात बोट ठेवून अंतर मोजायची सोय नव्हती. ताईलाही तिची मापं शेवटपर्यंत बरोबरच वाटत होती. ज्याचं जातं त्याला गेलेलं दिसत नाही, ही त्या आजाराची खरी दहशत. बाईंना मरणाची भीती कधी वाटली नव्हती. एक दिवस आपण नवऱ्याला “बसा ना” म्हणू, याची मात्र वाटली आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

दुसऱ्या फेरीला निघताना त्यांनी ठरवलं होतं की खेळायचंच नाही. पण न खेळणं हासुद्धा कबुलीजबाबच झाला असता. पूल आला. त्या म्हणाल्या, “चौतीस.”

चष्मेवाल्यांनी मीटर पाहिला. मग ते म्हणाले, “चौतीस. बरोब्बर.”

बाईंना इतकं हलकं वाटलं की त्या मोठ्यानं हसल्या. मागच्या वेळी त्यांनीच चुकीचं वाचलं असणार, स्वतःचाच चष्मा बदलायला झालाय आणि चालले जगाला चष्मे द्यायला. ही थट्टा अगदी ओठांवर होती. ती त्यांच्या कानात सांगायला म्हणून त्या जरा पुढे वाकल्या आणि त्यांच्या खांद्यावरून मीटर दिसला.

बत्तीस होते.

टाकी आली. बाईंनी सत्तावन्न म्हटलं, चष्मेवाल्यांनीही सत्तावन्न म्हटलं. पंपावरही तेच. हा माणूस लग्नाला छत्तीस वर्षं होऊन गेली तरी पत्त्यांत बायकोला कधी एक डाव सोडत नव्हता. तो आता प्रत्येक डाव सोडत होता. म्हणजे त्याला कळलं होतं. उरलेला सगळा रस्ता बाई त्याच्या पाठीला घट्ट धरून बसल्या आणि चष्मेवाले थंडी आहे का म्हणून दोनदा विचारत राहिले.

चेन ताणायला गाडी गॅरेजात न्यायची होती. चष्मेवाले म्हणाले, मी जाऊन येतो. बाई म्हणाल्या, मीही येते. हल्ली दोघं एकमेकांना नजरेआड होऊ देत नव्हते. वरवर मात्र सगळं मजेत चाललं होतं.

मेकॅनिक चाळिशीचा, गप्पिष्ट, आणि आपल्या हातावर भलताच विश्वास असलेला माणूस. त्यानं गाडी उभी केली, मागच्या चाकाचा नट सैल केला आणि चेन बोटानं वरखाली करून पाहिली. चष्मेवाले समोर चहा सांगायला गेले. बाई एकट्याच उभ्या राहिल्या. मनात नसताना तोंडातून निघूनच गेलं.

“काय रे, मीटर चुकू शकतो का?”

मेकॅनिकनं मान वर केली. त्याला ते लागलेलं दिसत होतं. “काकू, मीटर मी स्वतः खोलून बघितलाय. केबलला तेल घातलंय. त्याचं चुकायचं नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. एवढ्यावर विषय संपला होता. त्या वळून रस्त्याकडे बघू लागल्या. मेकॅनिकनं नट आवळला, हात फडक्याला पुसले आणि सहज विचारलं, की दाखवतोय तरी किती?

डॉक्टरपुढे दुखणं सांगावं तसं बाईंनी भराभर सांगून टाकलं. चौतीसला बत्तीस. सत्तावन्नला त्रेपन्न आणि वर थोडं. पंच्याऐंशीला ऐंशी.

मेकॅनिकचे हात फडक्यातच थांबले. “दर वेळी कमीच?”

“कमीच.”

“आणि दोन्ही फेऱ्यांना तेवढंच कमी?”

“तेवढंच.”

तो तसाच जमिनीवर आडवा झाला. बॅटरीच्या उजेडात त्यानं मीटरची केबल वरपासून खालपर्यंत बोटानं माग काढत पाहिली. मग उठून बसला आणि स्वतःच्या कपाळावर काळा हात मारून घेतला.

“काकू, मी गाढव आहे.”

बाईंना काही कळेना. त्यानं त्यांना वाकायला लावून दाखवलं. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. पुढच्या चाकाला चेनशी काही देणंघेणं नाही, दात बदलले काय अन् न बदलले काय. पण या जुन्या गाडीची केबल निघते गिअरबॉक्समधून, जिथं पुढचं स्प्रॉकेट बसतं तिथूनच. “तिथं आता सतरा दात आहेत ना. स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात मागचं चाक आधीपेक्षा जास्त पळतं. पण मीटरला हे कुणी सांगितलंय? तो बिचारा अजून सोळाच धरून बसलाय. हे मला माहीत असायला हवं होतं काकू. पंधरा वर्षं झाली मला या धंद्यात.”

बाईंनी त्याचं पुढचं ऐकलंच नाही. त्यांचे ओठ हलू लागले होते. सतरा दुणे चौतीस, सोळा दुणे बत्तीस. सतरा पंचे पंच्याऐंशी, सोळा पंचे ऐंशी. सत्तावन्नचं काही पाढ्यात बसेना, तेव्हा त्यांनी मेकॅनिकच्या बाकावरचा खडू घेतला आणि जमिनीवरच्या तेलकट डागाशेजारी भागाकार मांडला. त्रेपन्न पूर्णांक चौसष्ट. त्रेपन्न आणि वर थोडं. मग सतरा साते एकशे एकोणीस. ताईच्या फाटकाशी मीटरवर एकशे बारा असणार होते. ते दोघांपैकी कुणी पाहिलेच नव्हते, पण बाईंना ठाऊक होतं, की तिथं एकशे बाराच असणार.

त्या शेजारच्या उलट्या खोक्यावर बसल्या. आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मेकॅनिकचा चेहरा पडला. मीटरसाठी कुणी इतकं रडलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

“काकू, रडू नका ना. जुनं आहे माझ्याकडं. आत्ता अर्ध्या तासात परत बसवून देतो.”

“खबरदार हात लावलास तर,” बाई रडता रडताच म्हणाल्या. आणि मग या परक्या माणसाला, त्याच्या काळ्या हातांकडे बघत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. ताईचं, आखूड बाहीचं, भांडी घासताना म्हटलेल्या नंबरांचं. मेकॅनिक उकिडवा बसून ऐकत राहिला. त्याचे डोळेही भरून आले होते, पण हात काळे असल्यामुळे त्याला ते पुसता येईनात.

चष्मेवाले चहाचे तीन ग्लास घेऊन आले आणि बायकोला रडताना पाहून दारातच थबकले. त्यांचा चेहरा असा उतरला की बाईंना सगळं समजलं. मेकॅनिकनं घाईघाईनं आपला गुन्हा कबूल केला, खडूचं गणित दाखवलं. चष्मेवाल्यांनी ते दोनदा वाचलं. मग ग्लास बाकावर ठेवले. एक सांडला.

“म्हणजे तुला काही झालं नाहीये?”

“तुम्ही खोटं बोललात माझ्याशी.”

“हो.”

“कधीपासून?”

“पुलापासून. मला वाटलं, तुला कळायचं नाही.”

“तुमच्यापेक्षा चार बोटं उंच आहे मी,” बाई म्हणाल्या. “लग्नातच सगळ्यांनी सांगितलं होतं तुम्हाला.”

चष्मेवाले त्यांच्याशेजारी खोक्यावर बसायला गेले, पण त्यावर जेमतेम एकच माणूस मावत होतं. मग ते खालीच बसले, त्या भागाकारावर, चांगल्या पँटीनिशी. दुकानात येणाऱ्या दोन डॉक्टरांना आपण गुपचूप विचारून आलो, हेही त्यांनी आता सांगितलं. एक वजा एक आणि दुसरे अधिक पावणेदोन. दोघांनीही वाट बघा म्हणून सांगितलं होतं. मेकॅनिकनं विषय बदलावा म्हणून म्हटलं, की काका, वेगाचा काटाही त्याच केबलवर चालतो, म्हणजे तुम्ही साठ समजून चौसष्टनं पळवताय. एरवी बाईंनी यावर घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्या म्हणाल्या, “पळवू देत.”

तिसऱ्या फेरीला पुलावर बाई इतक्या मोठ्यानं चौतीस म्हणाल्या, की कठड्यावर टेकून उभा असलेला एक माणूस दचकला. चष्मेवाले म्हणाले, मीटर बत्तीस म्हणतोय, पण त्याचं काय मनावर घ्यायचं. बाई सगळ्या वाटेभर बडबडत होत्या. आयुष्यात इतकं हलकं त्यांना फार थोड्या वेळा वाटलं होतं. फाटकाशी उतरताना त्यांनी मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ताई खिडकीपाशीच होती. भाचीनं तिचे केस नुकतेच विंचरले होते. बाई आत गेल्या तशी ताई म्हणाली, “या, बसा ना.”

बाई बसल्या. गाडीवरचा आनंद अजून अंगात होता, आणि ताईसमोर तो घेऊन बसायची त्यांना एकाएकी लाज वाटली. आपण सुटलो म्हणून नाचत आलो, कुणाकडे, तर हिच्याकडे. पण लहानपणापासून काहीही झालं की ते आधी ताईला सांगायचं, ही सवय साठ वर्षांची. त्यांना राहवेना. त्यांनी ताईचा हात हातात घेतला.

“मला वाटलं होतं, मलाही विसरायचा आजार झालाय. खूप घाबरले होते. पण नाही झाला.”

ताईनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. एखाद्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं, मान जराशी कलती करून. मग तिनं दुसरा हात बाईंच्या हातावर ठेवला आणि थोपटला.

“बरं झालं बाई. फार बरं झालं. वाईट असतो म्हणतात तो आजार.” तिनं काळजीनं विचारलं, “तुमच्या घरी आहे का कुणाला?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “मोठी बहीण आहे.”

“जपा हो तिला,” ताई म्हणाली.

बाईंनी मान हलवली. बाहेर चष्मेवाले भाचीला स्प्रॉकेटचे दात समजावून सांगत होते आणि ती नुसतं हो हो म्हणत होती. ताईचा हात अजून थोपटत होता, सावकाश, परक्या बाईला धीर द्यावा तसा, आणि बाईंनी तो तसाच राहू दिला.